मूळ धून किती उरली पाहिजे?

मागील अंकात या सदरात मी जॅझ या अमेरिकी संगीतप्रकारातील जुन्या, नावाजलेल्या रचना आजचे वादक आदरांजली म्हणून नव्याने ध्वनिमुद्रित करतात त्या अल्बमविषयी लिहिले होते, आणि असा अल्बम ऐकताना वादकाने मूळ रचनेतले काय राखले आणि काय सोडले एवढे दोनच प्रश्न मनात ठेवावेत, असे सुचवले होते. जॅझ हा खान्देशातील वाचकांच्या रोजच्या ऐकण्यातला प्रकार नाही, म्हणून फारशी पत्रे येतील अशी माझी अपेक्षा नव्हती. प्रत्यक्षात जी आली त्यांनी मला सगळे अल्बम पुन्हा काढून ऐकायला लावले. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपला लेख वाचून मी नातवाच्या मदतीने फॅट्स वॉलर यांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली आणि नंतर त्यांच्यावरचा, आजचे पियानोवादक जेसन मोरान यांचा अल्बम ऐकला. काही ठिकाणी तर चाल ओळखूच आली नाही. ज्याला आदरांजली वाहायची त्याचीच चाल मोडायची, ही आदराची कोणती रीत? आपल्याकडे अभंगाची रूढ चाल कोणी बदलली तर जुनी मंडळी नाराज होतात, आणि मला वाटते ती योग्यच करतात.
— निवृत्त शिक्षिका, अमळनेर

उत्तर : आपल्याला बसलेला धक्का खरा आहे आणि गोड बोलून तो घालवावा असे मला वाटत नाही. मात्र जॅझमध्ये ‘रचना’ या शब्दाचा अर्थ आपल्या सवयीच्या अर्थाहून वेगळा आहे, तो आधी सांगायला हवा. कागदावर लिहिलेली जॅझ रचना फार लहान असते. बारा किंवा बत्तीस बारांची एक धून (एक बार म्हणजे बहुधा चार मात्रा) आणि त्या धुनेखाली ठरावीक क्रमाने बदलणारे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गुच्छ, इतकाच तिचा ऐवज. धून वाजवून झाली की वादक ती बाजूला ठेवतो. कॉर्डचा क्रम मात्र आवर्तनासारखा फिरत राहतो आणि त्याच्या आधाराने वादक त्या क्षणी सुचेल ते वाजवत जातो. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी कोलमन हॉकिन्स यांनी ‘बॉडी अँड सोल’ ही जॉनी ग्रीन यांची १९३० सालची चाल टेनर सॅक्सोफोनवर ध्वनिमुद्रित केली. तीन मिनिटांच्या त्या तबकडीत सुरुवातीच्या काही बारांत मूळ चालीची जेमतेम ओळख पटते, आणि पुढची सगळी इमारत हॉकिन्स केवळ कॉर्डच्या क्रमावर उभी करतात. श्रोत्यांनी ती तबकडी डोक्यावर घेतली. तेव्हा चालीपासून दूर जाण्याची मोकळीक मोरान यांनी स्वतःच्या मनाने घेतलेली नाही. ज्या परंपरेला ते नमस्कार करत आहेत त्या परंपरेनेच ती त्यांना दिली आहे.

आपल्याला बंदिशीचे उदाहरण जवळचे वाटेल, परंतु ते पूर्ण लागू पडत नाही. ख्याल गाणारा कितीही दूर गेला तरी मुखडा घेऊन समेवर परत येतो, आणि ते परत येणे श्रोत्याला दर आवर्तनात आधार देते. जॅझमध्ये धून बहुधा अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी येते. मधला मोठा भाग श्रोत्याला स्वतःच्या मनात धून धरून काढावा लागतो. मूळ धून पाठ नसेल तर हा भाग भरकटलेला वाटतो. आपण जुनी ध्वनिमुद्रणे आधी ऐकलीत, हे फार चांगले केलेत. मात्र ती एकदा ऐकून भागत नाही, गुणगुणता येईपर्यंत ऐकावी लागतात.

आता वॉलर आणि मोरान यांच्याविषयी. फॅट्स वॉलर (१९०४ ते १९४३) हे न्यूयॉर्कमधील हार्लेमचे पियानोवादक. त्या काळी हार्लेममध्ये घरभाडे भरण्यासाठी लोक आपल्या घरी नाचगाण्याची बैठक ठेवत, येणाऱ्यांकडून थोडे पैसे घेत, आणि पियानोवादक रात्रभर वाजवत असे. वॉलर यांचे वादन अशा बैठकांत घडले. डावा हात खर्जातला स्वर आणि वरचा कॉर्ड यांच्यात उड्या मारत लय धरतो, उजवा हात तिच्यावर खेळतो, आणि ऐकणाऱ्याचे पाय स्थिर राहत नाहीत. मोरान यांचा ‘ऑल राइज’ हा २०१४ सालचा अल्बम मुळात हार्लेममध्येच झालेल्या एका नृत्याच्या कार्यक्रमातून निघाला. गायिका आणि बेसवादक मेशेल एनडेगेओचेलो यांच्या सोबतीने मोरान यांनी वॉलर यांच्या गाण्यांना आजच्या नाचाची लय दिली, म्हणजे फंक, हिपहॉप आणि हाउस या प्रकारांची. कार्यक्रमात ते वॉलर यांच्या चेहऱ्याचा कागदी लगद्याचा मोठा मुखवटा घालून पियानोवर बसतात. वॉलर यांच्या संगीताने माणसे नाचत असत ही गोष्ट त्यांनी सर्वांत मोलाची मानली आणि ती राखण्यासाठी बाकीचे बरेच जाऊ दिले. १९२९ सालची चाल १९२९ च्याच ढंगात वाजवली असती तर आजचे तरुण खुर्चीवर बसून आदराने ऐकत राहिले असते, आणि नेमके तेच वॉलर यांच्या संगीताला परके झाले असते.

तरीही आपल्या तक्रारीशी मी काही अंशी सहमत आहे. या अल्बममध्ये काही जागी लय इतकी पुढे येते की वॉलर यांच्या बोटांतला नाजूकपणा मागे पडतो. मला त्या जागी मूळ तबकडीची ओढ लागते. अभंगाचे म्हणाल, तर तिथे चाल शेकडो लोकांनी एकत्र म्हणायची असते आणि तिच्या स्थिर असण्यावरच ते एकत्र येणे अवलंबून असते, म्हणून जुन्या मंडळींची नाराजी मला रास्त वाटते. पण असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांचा विचार करून पाहावा. त्यांच्या अनेक ओळी आठ अक्षरांच्या चालीने पावले टाकतात. जात्यावर त्या एका संथ लयीत निघतात, सभागृहात गायिका त्यांना वाद्यवृंदासह वेगळी चाल देते, शाळेत मुली तिसऱ्याच चालीत म्हणतात. त्या आठ अक्षरांचे पाऊल आणि ओळीच्या शेवटचा विसावा जिथे सांभाळला जातो, तिथे असोद्याची लेक ओळखू येते. चाल गोड असूनही हे पाऊल चुकले, तर ओळखू येत नाही. आदरांजलीच्या अल्बमकडे मी याच कानाने पाहतो.

प्रश्न : ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’सारखा अल्बम कोणी सुधारू शकत नाही. मग नव्याने मांडण्यापेक्षा जसाच्या तसा वाजवणे हीच सर्वांत प्रामाणिक आदरांजली नाही का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जळगाव

उत्तर : तुम्ही म्हणता तसे एका गटाने खरोखर करून दाखवले आहे. ‘मोस्टली अदर पीपल डू द किलिंग’ या अमेरिकी गटाने २०१४ साली ‘ब्लू’ नावाचा अल्बम काढला. त्यात ‘काइंड ऑफ ब्लू’मधील प्रत्येक स्वर, प्रत्येक थांबा, ट्रंपेटचा आणि सॅक्सोफोनचा पोत, ड्रमवरचा हलका आघातसुद्धा, सारे काही मुळाबरहुकूम वाजवलेले आहे. हे काम किती कठीण असेल याची कल्पना एखादी दोन मिनिटांची तान हुबेहूब उचलण्याचा प्रयत्न केलेल्या कोणालाही येईल. मी दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले आणि मला त्या वादकांविषयी अतिशय आदर वाटला. पण त्याच वेळी लक्षात आले की १९५९ च्या ध्वनिमुद्रणातली एक गोष्ट ते उचलूच शकत नव्हते. डेव्हिस यांनी २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत आपल्या वादकांसमोर मोजके आराखडे ठेवले होते. जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, बिल एव्हान्स यांना पुढच्या क्षणी काय वाजणार हे ठाऊक नव्हते आणि ते एकमेकांचे ऐकत वाट काढत होते. २०१४ च्या वादकांना पुढचा प्रत्येक क्षण पाठ होता. स्वर तेच असूनही ऐकण्याचा ताण वेगळा झाला. तो अल्बम करणाऱ्यांनाही हाच प्रश्न लोकांपुढे ठेवायचा असावा, असे मला वाटते, आणि म्हणून त्याला मी नुसती नक्कल म्हणणार नाही.

‘जसेच्या तसे’ या शब्दाविषयीही एक गोष्ट नोंदवतो. १९५९ च्या पहिल्या सत्रात मुख्य टेप यंत्राची गती किंचित कमी होती, त्यामुळे तबकडीच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना बाजारात आल्या तेव्हा मूळ वादनापेक्षा थोड्या चढ्या पट्टीत होत्या. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या वादकांनी तबकडीसोबत सराव करताना आपली वाद्ये अशा एका पट्टीला जुळवली, जी त्या दिवशी स्टुडिओत वाजलीच नव्हती. त्यांचे प्रेम त्यामुळे कमी ठरत नाही, परंतु मूळ म्हणून आपण ज्याला धरून बसतो ते कशाचे बनलेले आहे, हे तपासून पाहायला हवे.

प्रश्न : लाहोरच्या सचल स्टुडिओच्या वाद्यवृंदाने सतार, तबला आणि ढोलक घेऊन ‘टेक फाइव्ह’ वाजवलेले मी ऐकले. वाद्ये आपली, तालाची समज आपली, म्हणून आनंद झाला. पण अशा प्रयोगात आपली वाद्ये केवळ रंगापुरती वापरली जातात का, अशी शंकाही आली.
— तबला शिक्षक, धुळे

उत्तर : शंका अगदी योग्य आहे, आणि तुमच्यासारख्या तालाच्या जाणकाराने ती विचारली याचे समाधान वाटले. ‘टेक फाइव्ह’ ही पॉल डेझमंड यांची रचना पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांच्या संचाच्या ‘टाइम आउट’ या १९५९ सालच्या अल्बममध्ये आहे. तिच्या पाच मात्रा तीन अधिक दोन अशा पडतात. आपल्या झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा असल्याने ऐकणारा पटकन झपताल म्हणतो, पण वजन उलटे आहे. जिथे आपला कान दोनाची अपेक्षा करतो तिथे तीन येतात. तबलजीने इथे झपतालाचा ठेका तसाच लावला तर धुनेचे वजन मोडते. सचलच्या तबलजीने ते टाळले आहे. त्याने पियानोच्या सततच्या आकृतीचे वजन उचलले आणि मग मधल्या भागात आपल्या पद्धतीने बोल विणले. हा भाग मला त्या ध्वनिमुद्रणातला सर्वांत सच्चा वाटतो, कारण तिथे तबला रचनेच्या आत शिरून काम करतो. व्हायोलिनचा मोठा ताफा मात्र कित्येकदा रचनेवर साखरेचा थर चढवतो, आणि तुमची शंका तिथे खरी ठरते.

या ध्वनिमुद्रणामागची माणसेही लक्षात घेतली पाहिजेत. लाहोरचा चित्रपट व्यवसाय मंदावल्यानंतर ज्यांच्या हातांना काम उरले नव्हते असे वादक इज्जत मजीद यांनी या स्टुडिओत एकत्र केले. ब्रूबेक यांचा संच १९५८ साली अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर भारतात आणि पाकिस्तानात येऊन गेला होता, आणि लहानपणी त्यांचे वादन ऐकल्याची आठवण मजीद यांनी सांगितलेली आहे. त्याच दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकलेल्या नऊ मात्रांच्या लयीवरून ब्रूबेक यांनी ‘ब्लू रोंडो’ ही रचना बांधली. म्हणजे ही लय एकदा पूर्वेकडून तिकडे गेली होती, आणि २०११ च्या या अल्बममधून लाहोरच्या वादकांनी तिच्याशी पुन्हा बोलणे सुरू केले. पुढे २०१३ साली हेच वादक न्यूयॉर्कला जाऊन विंटन मार्सालिस यांच्या जॅझ वाद्यवृंदासोबत एका मंचावर वाजवून आले. तुमच्या विद्यार्थ्यांना हे ऐकवताना आधी टाळीवर तीन-दोन मोजायला लावा आणि मगच तबला ऐकू द्या.

प्रश्न : मला एकच अल्बम सुचवा. कामातून वेळ थोडा मिळतो.
— बँक कर्मचारी, यावल

उत्तर : एक सुचवता येत नाही, जोडी सुचवतो. ‘मनी जंगल’ हा पियानोवादक ड्यूक एलिंग्टन, बेसवादक चार्ल्स मिंगस आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांचा अल्बम १७ सप्टेंबर १९६२ रोजी एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. त्या दिवशी एलिंग्टन ६३ वर्षांचे, मिंगस ४० आणि रोच ३८ वर्षांचे होते. मिंगस मध्येच रागावून निघाले आणि एलिंग्टन यांनी त्यांना समजावून परत आणले, असे सांगितले जाते. ती चकमक वादनात ऐकू येते. पन्नास वर्षांनंतर ड्रमवादक टेरी लिन कॅरिंग्टन यांनी तोच अल्बम नव्याने बांधला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी त्यांना जॅझ वाद्यसंगीताच्या अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला; त्या विभागात हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी पैशाविषयीची भाषणे आणि बोलणी संगीतात विणली, कारण मूळ शीर्षकातला ‘पैशाचे जंगल’ हा शब्द त्यांना आजही तितकाच टोचतो. एक रचना जुन्या अल्बममधून, लगेच तीच नव्यातून, असे ऐका. रोज पंधरा मिनिटे पुरतील.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रुद्रेश महंतप्पा या भारतीय वंशाच्या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाचा २०१५ सालचा ‘बर्ड कॉल्स’ आहे. तो जुन्या पिढीतले सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांना वाहिलेला आहे आणि त्यात पार्कर यांची एकही रचना नाही. महंतप्पा यांनी पार्कर यांच्या धुनांमधले आणि वादनामधले छोटे तुकडे घेतले, त्यांची लय बदलली, ते पुढेमागे केले आणि त्यांतून नव्या रचना उभ्या केल्या. ‘ऑन द डीएल’ हा तुकडा ‘डोना ली’वरून आला आहे, आणि पार्कर यांच्या संचाने १९४७ साली ध्वनिमुद्रित केलेली ‘डोना ली’ स्वतः १९१७ सालच्या ‘इंडियाना’ या गाण्याच्या कॉर्डवर रचलेली होती. शीर्षकातल्या प्रश्नाला हे माझ्यापुरते सर्वांत अवघड उत्तर आहे. इथे धून जवळजवळ उरलेलीच नाही, तरी पार्कर यांचा वेग, त्यांच्या वाक्याचे अनपेक्षित वळण आणि श्वास घेण्याची जागा स्पष्ट ओळखू येते. मला तो अल्बम मनापासून आवडतो. तुम्ही मात्र त्याच्याकडे पार्कर ऐकून झाल्यावरच वळा.

प्रश्न : आम्ही मित्र एक जुनी जॅझ रचना आमच्या पद्धतीने ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करणार आहोत. परवानगी लागते का?
— गिटारवादक, शहादा

उत्तर : रचनेवर कॉपीराइट चालू असेल तर लागते. भारतात संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. एलिंग्टन १९७४ साली गेले आणि पियानोवादक थेलोनियस मंक १९८२ साली, तेव्हा त्यांच्या रचना अजून हक्काखाली आहेत. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ३१सी हे कलम आले आहे. त्यानुसार पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी, ठरलेले मानधन आगाऊ भरून आणि सूचना देऊन, एखाद्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करता येते. पण त्याच कलमात अशी अट आहे की हक्कधारकाच्या संमतीने पूर्वी झालेला किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असलेला बदल सोडून रचनेत दुसरा बदल करता येत नाही. तुम्हाला तर बदलच करायचा आहे. म्हणून या कलमावर विसंबू नका. रचनेचे प्रकाशन हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या, आणि आपली मांडणी त्यांना ऐकवून घ्या. अमेरिकेतील कायदाही वादकाला स्वतःच्या ढंगात मांडणी करू देतो, पण मूळ धून आणि रचनेचे मूळ स्वरूप बदलू देत नाही.

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातील एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. माझे वडीलही बँडमध्येच होते. वरातीत एकच गाणे आम्ही तीनतीन प्रकारे वाजवतो, म्हणून तुमचा लेख आमचाच वाटला. पावसाळ्यात हाताला काम नसते. आम्हाला एखादी जॅझ रचना आमच्या वाद्यांवर आमच्या पद्धतीने बसवता येईल का? आम्हाला नोटेशन वाचता येत नाही.
— क्लॅरिनेटवादक, पारोळा

उत्तर : तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. जॅझ ज्या शहरात जन्मले त्या न्यू ऑर्लिन्समध्ये त्याची सुरुवात तुमच्यासारख्याच रस्त्यावरच्या बँडमधून झाली. ट्रंपेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, खर्जाचे मोठे वाद्य आणि ड्रम घेऊन तिथले बँड अंत्ययात्रेसोबत जात. स्मशानाकडे जाताना भजन अतिशय संथ लयीत वाजे, आणि दफन आटोपून परतताना लय वाढे. कित्येकदा तेच भजन, तीच धून, पण आता लोक तिच्यावर नाचत निघत. एकच धून दोन लयींत दोन वेगळी माणसे होते, हे तिथल्या वादकांना सभागृहात जाण्याच्या आधीच रस्त्यावर कळले होते. तुम्हाला ते मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंतच्या वाटेवर कळले आहे. शिवाय तुमच्या मास्तरांकडे ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटातील गाणी असतीलच. त्या गाण्यांचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासोबत काम करणारे गोव्याचे चिक चॉकलेट हे मुंबईतले नावाजलेले जॅझ ट्रंपेटवादक होते. तेव्हा हा सूर तुमच्या बँडला अगदीच नवा नाही.

माझी शिफारस थेलोनियस मंक यांच्या ‘ब्लू मंक’ची आहे. मंक यांनी ती १९५४ साली पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केली. तिची पट्टी काळी पाच आहे, आणि तुमचे क्लॅरिनेट व ट्रंपेट बहुधा त्याच पट्टीची असतात, त्यामुळे बोटे सर्वांत सोयीच्या जागी पडतील. धून लगतच्या स्वरांवरून लहान पावले टाकत चढते; पहिलाच तुकडा ग, शुद्ध म, तीव्र म, प असा आहे. नोटेशनची गरज नाही. मंक यांचे वादन मोबाइलवर लावा, वाद्य खाली ठेवा आणि सगळ्यांना धून तोंडाने म्हणता येईपर्यंत कोणीही वाद्य उचलू नका.

रचना बारा बारांची आहे, प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. युफोनियम वाजवणाऱ्याला खर्ज असा द्या: पहिल्या चार बारांत सा, म, सा, सा, पुढच्या चारांत म, म, सा, सा, शेवटच्या चारांत प, प, सा, सा. मंक यांच्या कॉर्डमध्ये याहून बारकावे आहेत, पण तुमच्या कामाला ही जमीन पक्की आहे. तो हे न चुकता फिरवू लागला की बँडचे अर्धे काम झाले. लय झुलती ठेवायची असते: एका मात्रेचे तीन भाग कल्पून पहिले दोन जोडा आणि तिसरा हलका सोडा, म्हणजे दोन स्वर सारखे न पडता लांब-आखूड पडतील. साइड ड्रमवाल्याने पहिले काही दिवस काठ्या अगदी हलक्या धराव्यात, कारण वरातीच्या सवयीचा जोर आला की हे झुलणे नाहीसे होते.

धून सर्वांनी मिळून दोनदा वाजवा. मग तुम्ही एकट्याने एक आवर्तन घ्या आणि त्यात धुनेबाहेरचे फक्त दोन-तीन स्वर वापरा. पुढच्या आवर्तनात ट्रंपेटवाल्याला तुमचाच शेवटचा तुकडा उचलून पुढे न्यायला सांगा. हे जमल्यावर तुमच्या पद्धतीचा विचार करा, आणि तेव्हाही एका वेळी एकच गोष्ट बदला. खर्ज आणि धून तशीच ठेवून ड्रमला हळदीच्या दिवशीचा ठेका द्या, किंवा ठेका मूळचा ठेवून धुनेला कानबाईच्या गाण्यातल्यासारखा ओढलेला सूर द्या. सगळे एकदम बदलले तर काय बिघडले ते सापडणार नाही. स्टीव्ह लेसी या सॅक्सोफोनवादकाने १९५८ साली मंक यांच्याच रचनांचा एक संपूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि नंतर आयुष्यभर तो त्याच रचनांकडे परत येत राहिला, कारण एकेका रचनेत शिरायला त्याला वर्षे लागली. तुमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने आहेत आणि एक रचना आहे, तेवढे पुरेसे आहे.

शेवटी धून पुन्हा सर्वांनी एकत्र वाजवा, आणि ती सुरुवातीच्याच लयीत आहे का हे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून तपासा. रस्त्यावर वाजवणारे बँड नकळत जलद होत जातात, आणि ही धून जलद झाली की मंक यांनी दोन तुकड्यांच्या मध्ये मोकळ्या सोडलेल्या जागा भरून जातात. आधी त्या जागा सांभाळा. तुमचा ठेका त्यांच्यातच बसणार आहे.